आयर्लंडच्या खेड्यातल्या फोटोग्राफरचे जुने निगेटिव्ह मिळाले आहेत. त्यातली माणसं कशी ओळखायची?

1950-60 च्या दशकातल्या निगेटिव्हचा आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे अ‍ॅसिटेट फिल्म कुजू लागली आहे. त्या पट्ट्या वेगळ्या ठेवा आणि पहिल्यांदा त्याच स्कॅन करा. पट्टी कडेने धरा, निस्तेज बाजूला इमल्शन (चित्र असलेला थर) असतं. 35 मिमी फिल्म स्कॅन करायला 3200 डीपीआय (दर इंचाला ठिपके), 16 बिट, टिफ फाइल पुरे. दुकानाची पाटी उलटी दिसली तर फिल्म पालथी पडली आहे.

खरी मेहनत नावांची. ए4 प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येकाची बाह्यरेषा काढा, आत आकडा घाला आणि रविवारी प्रार्थनेनंतर पॅरिशच्या (एका चर्चखालच्या परिसराच्या) हॉलमध्ये म्हाताऱ्या माणसांना दोघा-तिघांच्या गटात दाखवा. एकटा माणूस अडखळतो, दुसरा त्याला आठवण करून देतो. नुसतं नाव-आडनाव लिहून घेऊ नका: एकाच पॅरिशमध्ये त्याच नावाचे चौघे निघतात. टाउनलँड (आयर्लंडमधला जमिनीचा सर्वात छोटा, नाव असलेला विभाग) आणि घराचं टोपणनाव हवंच, बऱ्याचदा ते बापा-आजोबाच्या नावावरून पडलेलं असतं.

दलदलीतल्या कामाचा फोटो निघाला तर तो नीट बघा. समजा, एकजण 'स्लान' या पंखवाल्या कुदळीने ओल्या पीटच्या (जळणासाठीच्या दलदलीतल्या मातीच्या) विटा कापतोय, दुसरा त्या झेलतोय, मागे पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून वाळत उभ्या आहेत. खाली 'कुटुंब' असं लिहिण्याची घाई हमखास चुकते. ते बहुधा 'मेहल' असतं, म्हणजे आपली सावडच: आज तुझं पीट, उद्या माझं गवत. म्हणून कोण कोणाच्या कामावर आलं होतं, तेही विचारा.