सक्ती करा, पण नेमकी कशाची?

तुम्ही विचारलंय, आपल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये प्रत्येक बदलासोबत डॉक्युमेंटेशन, म्हणजे कोड काय करतो आणि कसा वापरायचा याची लेखी नोंद, सक्तीचं केलं तर नवी पोरं पळतील का. माझं मत, सक्ती कराच.

मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत आम्ही ठिबकचे व्हॉल्व्ह एका लहान कंट्रोलरवर चालवतो. सॉफ्टवेअर सगळं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. जानेवारीत आंबिया बहाराचा ताण (फुलं यावीत म्हणून पाणी बंद ठेवतात तो) तोडून पाणी सुरू केलं, त्याच आठवड्यात मी त्या सॉफ्टवेअरमधली एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, अपडेट केली. तीन दिवसांनी शेजारच्या पोराचा फोन आला, "भाऊ, झाडं काहून अजून मलूल दिसून राह्यले?" बुडाची माती उकरली तर बोटभर खाली पार कोरडी. मग रात्री कोड उघडला. आधी वेळ मिनिटांत द्यायची होती, नव्या आवृत्तीत सेकंदांत. ४० मिनिटांच्या जागी ४० सेकंद पाणी! चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, त्याबद्दल अक्षर नव्हतं.

सक्ती त्या एका ओळीची करा. एकक, डिफॉल्ट (आपण काही दिलं नाही तर धरली जाणारी किंमत) किंवा फंक्शनची वागणूक बदलली, तर नोंद त्याच पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल घ्या म्हणून पाठवलेल्या विनंतीत. नाहीतर मर्ज नाही, बदल मूळ कोडात घ्यायचा नाही. जँगो या वेबसाइट बनवायच्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये नवं फीचर चाचण्या आणि डॉक्युमेंटेशनसकटच मागतात, कोणत्या आवृत्तीत काय बदललं तेही तिथेच लिहितात. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत तर अशी तपासणी लावता येते की सार्वजनिक फंक्शनवर टिप्पणी नसेल तर बिल्डच अडतं, प्रोग्राम तयारच होत नाही. पण यंत्राला टिप्पणी आहे एवढंच कळतं. "वेळ सेट करते" एवढं लिहिलं तरी ते पास करतं. मिनिटं की सेकंद, हे बदल तपासणाऱ्यानेच विचारायचं.

जुन्या सगळ्या कोडचं डॉक्युमेंटेशन एकदम लिहून काढायला बसू नका. जिथे हात लागेल तिथेच लिहा.

पोरं नियमाला भीत नाहीत, इंग्रजीला भितात. ओपन सोर्स कोड ठेवायची साइट गिटहब, तिच्या २०१७ च्या सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा जुनाट डॉक्युमेंटेशनची अडचण सांगितली होती, तरी योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के त्यात क्वचितच हात घालतात किंवा घालतच नाहीत. म्हणून मराठीत, तुटक लिहिलेलंही घ्या. नीट करणं मेन्टेनरचं, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचं काम.

आणि लेखी नोंदीऐवजी व्हिडिओची लिंक चालवून घेऊ नका. आमच्याकडे लाइन गेली की बऱ्याचदा नेटही जातं, फोनवर उतरवून ठेवलेली रेपोतली (कोडच्या फोल्डरमधली) मजकुराची फाइल मात्र उघडते. मी आता मर्ज करण्याआधी नेट बंद करतो आणि फक्त रीडमी, म्हणजे कोडसोबतची माहितीची फाइल, वाचून एक व्हॉल्व्ह उघडून पाहतो. जिथे अडलो, तिथली ओळ आधी लिहून घेतो.