फिलिपिन्समध्ये उगवत्या बॉक्सरला कुणा अनोळखी बॉक्सरने लोळवल्याचं उदाहरण आहे का?

आहे की, आणि तेही थेट मॅनी पॅकियाओचं. ९ फेब्रुवारी १९९६, मंडालुयोंग. १७ वर्षांचा मॅनी तोवर अपराजित. समोर रुस्तिको तोरेकांपो, ज्याच्या नावावर आधीच काही पराभव जमा होते. तिसऱ्या फेरीत त्याचा ठोसा नेमका बसला आणि मॅनी आडवा! वजन ठरल्यापेक्षा जास्त भरल्यामुळे मॅनीला दंड म्हणून जड ग्लोव्ह्ज घालावे लागले होते. चाहते अजून त्यावरच खापर फोडतात. मला ते फारसं पटत नाही. जड ग्लोव्ह्जने आपला हात मंदावतो हे खरं, पण हनुवटी उघडी ठेवायला कुणी सांगितलं होतं? डिसेंबर १९९८ मध्ये मॅनी जगज्जेता झाला. तोरेकांपोशी पुन्हा गाठ मात्र कधीच पडली नाही.