वाचकांचे प्रश्न: बेटावर मुक्काम करायचाय

गोव्यात मांडवी नदीतल्या बेटांवर राहण्याविषयी आलेल्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरं देत आहोत. वाचकांची नावं वगळून फक्त गावं दिली आहेत.

डिसेंबरात तीन रात्री शांत बेटावर राहायचं आहे. बरोबर सत्तरी ओलांडलेले आईवडील आणि दहा वर्षांची मुलगी. दिवाडी बरं की चोडण? घर निवडताना काय विचारावं? (कोल्हापूर)

आईवडील बरोबर आहेत, म्हणून चोडण घ्या. दोन्ही बेटं सुंदर आहेत, फरक रस्त्याचा आहे. दिवाडीला जायचं तर फेरीबोट हवीच: जुन्या गोव्याहून, रायबंदरहून किंवा पलीकडच्या डिचोली तालुक्यातल्या नार्व्याहून. चोडणला रायबंदरची फेरी आहेच, शिवाय मयेच्या बाजूने पूल आहे. रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखलं, तर चोडणहून गाडी डिचोलीमार्गे बाहेर काढता येते. दिवाडीहून आधी धक्का गाठायचा आणि बोट मिळवायची. मोठं इस्पितळ म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, ते दोन्ही बेटांच्या पलीकडेच. रुग्णवाहिकेसाठी 108 आहे, पण फोन करताना आपण बेटाच्या कुठल्या वाड्यावर आहोत आणि पुलाच्या बाजूला की धक्क्याच्या, हे सांगता आलं पाहिजे. आल्या दिवशीच ते यजमानांकडून कागदावर लिहून घ्या.

तुम्ही तिघेचौघे तरुण असता तर आम्ही दिवाडी सुचवली असती. पिएदादच्या टेकडीवरून चहूकडे दिसणारी खाजनं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं) आणि पलीकडे जुन्या गोव्याची चर्चेस, असा देखावा चोडणला नाही.

घर ठरवताना जागेची उंची आधी विचारा. टेकडीची उतरण संपते आणि भातशेती सुरू होते, त्या कडेची घरं राहायला सर्वांत चांगली. विहिरीला गोडं पाणी आणि वारा, दोन्ही तिथे मिळतं. अगदी खाजनाच्या काठावरच्या घरात संध्याकाळी सहा ते आठ डासांनी बसवत नाही. धक्क्याजवळच्या घरात पहाटेपासून बोटीच्या इंजिनाचा आवाज.

दुसरं, पायऱ्या. गोव्याच्या जुन्या घरांचं जोतं उंच असतं. बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, चढायला पाच-सात पायऱ्या, बहुतेक ठिकाणी कठडा नाही, आणि न्हाणीघर मागच्या बाजूला एक-दोन पायऱ्या खाली. फोटो मागवताना पलंगाचा नको, पायऱ्यांचा आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याचा मागवा. वरच्या मजल्याची खोली आईवडिलांना नको.

तिसरं, वीज. "इन्व्हर्टर आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, बॅटरी किती अँपिअर-अवरची ते विचारा. 12 व्होल्टची 150 अँपिअर-अवरची बॅटरी नवी असेल, तर तीन पंखे आणि चार एलईडी दिवे साधारण चार-पाच तास चालतात. जुनी असेल तर निम्मे. एसी किंवा पाण्याचा पंप त्यावर चालत नाही. म्हणून वर टाकी किती लिटरची, हेही विचारून ठेवा. पाच-सहा माणसांना हजार लिटर हवीच.

गाडीत पेट्रोल फेरीच्या अलीकडच्या काठावरच भरून घ्या. फेरीवर येण्याआधी हेडलाइट बंद, चारचाकीला सुटे पैसे हाताशी. मोठ्या ओहोटीला धक्क्याचा उतार फार चढा होतो आणि खाली बसणाऱ्या गाडीचा पुढचा बंपर फळीला घासतो. अशा वेळी घाई न करता पाणी थोडं चढू द्यावं. सकाळी साडेआठच्या सुमारास बेटावरून पणजीकडे आणि संध्याकाळी सहानंतर पणजीकडून बेटाकडे नोकरदारांची रांग असते. तुम्ही दुपारी पोचा. रेल्वेने येत असाल तर करमळी स्टेशन जुन्या गोव्याला सर्वांत जवळ, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत.

आम्हाला तळ्यातल्या बेटावर राहायचं होतं. मये तळ्यात तशी सोय आहे का? (पुणे)

मये इथे मुक्काम तळ्याच्या काठावर होतो, पाण्याच्या मधोमध नव्हे. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान काठावरच आहे, ते त्या दिवसांत चालू आहे की नाही हे आधी फोनवर विचारून घ्या. गोव्यात बेटावर राहायचं म्हणजे नदीतल्या बेटावर, असंच समजा. मयेहून चोडण जवळच आहे. एक रात्र तळ्याकाठी आणि दोन चोडणला, असं सहज जमवता येतं.

चोडणच्या पक्षी अभयारण्यात दोनदा गेलो, दोन्ही वेळा पक्षी फारसे दिसले नाहीत. वेळ चुकते का? (सांगली)

वेळ चुकते, पण घड्याळाची नव्हे, पाण्याची. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य हे 1.78 चौरस किलोमीटरचं खारफुटीचं जंगल आहे. तुतारी, कुदळ्या, बगळे हे सगळे चिखलात चरणारे पक्षी. चिखल उघडा पडला की ते येतात, भरतीला पाणी चढलं की झाडांवर नाही तर दुसरीकडे जातात. तुम्ही बहुधा भरतीला पोचलात.

भरती काढायला कोकणात चालणारा हिशेब इथेही कामाला येतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकरा. कृष्ण पक्षातही तिथी एकपासूनच मोजायची. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. वेळ रोज पाऊण ते एक तासाने पुढे जाते. हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या तासाची चूक धरून चला, आणि नदीत आत पाणी समुद्रापेक्षा थोडं उशिरा चढतं हेही लक्षात ठेवा.

पक्ष्यांसाठी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान ओहोटी लागत असेल असा दिवस निवडा. सप्तमी ते दशमीच्या आसपास दुपारच्या बाराच्या आगेमागे पाणी उतरलेलं असतं, तेव्हा सकाळी उन्हाआधी जाऊन पाणी ओसरताना बघावं. चतुर्थी-पंचमीला सकाळी नऊला ओहोटी सापडते, तो दिवस सर्वांत चांगला. याउलट होडीतून खारफुटीच्या आत जायचं असेल तर भरतीच हवी, ओहोटीला होडी चिखलात रुतते आणि सहा तास तिथेच बसावं लागतं. होडीवाल्याशी ठरवताना "सकाळी" नको म्हणूस, "भरतीला" म्हण, असं तिथले लोक एकमेकांना सांगतात ते याचसाठी.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. प्रवेशद्वार चोडणच्या धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. पक्षी नसतील तेव्हा पायवाटेवरून खाली चिखलाकडे बघत उभे राहा: निवटी मासे परांच्या आणि शेपटीच्या बळावर उड्या मारतात, आणि एकच आंगडा (नांगी) मोठा असलेले लाल खेकडे तो हलवत बिळाबाहेर येतात. पाऊल जोरात आपटलं की क्षणात सगळा चिखल रिकामा होतो. मुलांना दोन मिनिटं निश्चल उभं राहायला सांगा, पुन्हा सगळे बाहेर येतात.

मुलांना नदीत पोहू द्यावं का? (बेळगाव)

नको. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, आणि तो कालवा मांडवी आणि जुवारीला जोडतो, त्यामुळे या पाण्यात कुठेही त्या येऊ शकतात. तिथल्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, तिला माणगे थापणी म्हणतात. ज्यांचं रोजचं पोट या पाण्यावर आहे, त्यांनी मगरीला हे मानाचं स्थान दिलं आहे.

मगरीपेक्षाही धोका मानशीचा. खाजनाच्या बांधात लाकडी दारांची मानस असते. भरती चढली की खारं पाणी दार बाहेरून दाबून आपोआप बंद करतं, ओहोटी झाली की आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. दार उघडताना आतल्या बाजूला पाणी संथ दिसतं, पण दाराजवळ ओढ एवढी असते की मोठा माणूसही पाय रोवू शकत नाही. मानशीच्या भिंतीवर बसून मासेमारी बघणं ठीक, आत पाय सोडणं नाही. मासे धरण्याचा हक्क बहुधा लिलावाने कुणाला तरी दिलेला असतो, म्हणून गळही विचारल्याशिवाय टाकू नये.

दिवाडीला आमचं जुनं घर आहे, आम्ही फोंड्याला राहतो. दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत. पण खालच्या भिंतींना लोणा लागतो, रंग टिकत नाही, आणि पावसाळ्यात संडास तुंबतो. सुरुवात कुठून करावी? (फोंडा)

पलंग आणि पडदे शेवटी. सुरुवात संडासापासून करा, कारण पाहुणा ओल सहन करेल, तुंबलेला संडास नाही.

तुंबण्याचं कारण बहुतेक वेळा तुमच्या नळात नसतं, जमिनीत असतं. खाजनाजवळ पावसाळ्यात भूजल इतकं वर येतं की शोषखड्डा स्वतःच पाण्याने भरतो, मग टाकीतलं पाणी जाणार कुठे? तपासून बघा. जुलै-ऑगस्टमध्ये अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला शोषखड्ड्याच्या शेजारी चार-पाच फुटांचा खड्डा घ्या आणि दुसऱ्या दिवशी पाणी कुठवर आहे ते मोजा. पाणी वर आलं असेल तर खड्डा आणखी खोल करून काही होणार नाही, उलट त्रास वाढेल. शोषणाची जागा जमिनीच्या वर उचलून वाळू-खडीचा भराव करावा लागतो. टाकी मात्र पाणी न झिरपणारी हवी. पाच माणसांना आत साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, एक मीटर पाण्याची खोली पुरते. दहा माणसांना दोन मीटर बाय नव्वद सेंटिमीटर. शोषणाची जागा विहिरीपासून 18 मीटर आणि घरापासून सहा मीटर तरी लांब असावी. टाकी उपसणारा टँकर फेरीनेच यायचा आहे, म्हणून उपसा पाहुण्यांचा हंगाम सुरू होण्याआधी, कोरड्या दिवसांत उरकून घ्या.

आता भिंतींना लागणारा लोणा. चिऱ्याचा दगड सच्छिद्र असतो, जमिनीतलं खारट पाणी वर चढतं, पृष्ठभागावर सुकतं आणि क्षार पांढरे होऊन रंग फोडतात. बहुतेक जण वर सिमेंटचा गिलावा करतात. तिथेच बिघडतं: पाणी बाहेर सुकू शकत नाही म्हणून ते आणखी वर चढतं, आणि दोन फुटांची ओल पाच फुटांवर जाते. जमिनीपासून चार फुटांपर्यंतचा सिमेंटचा गिलावा पूर्ण काढा. पावसाळा संपल्यावर चार महिने भिंत उघडी ठेवा. वर येणारे क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, धुतलं की ते पुन्हा आत जातात. मग चुन्याचा गिलावा: किमान पंधरा दिवस विझवलेला चुना एक भाग, धुतलेली नदीची वाळू तीन भाग, दोन थर, प्रत्येकी साधारण एक सेंटिमीटर. समुद्राची किंवा खाडीची वाळू वापरली तर सगळं काम वाया जाईल, कारण क्षार तुम्हीच आत घातलेत. वर प्लास्टिकचा रंग नको, चुन्याचीच सफेदी. बाहेरच्या अंगणाची पातळी आतल्या फरशीपेक्षा किमान अर्धा फूट खाली असू द्या आणि पागोळ्यांचं पाणी पन्हळीतून लांब काढा. कित्येक घरांत एवढ्यानेच निम्मी ओल जाते.

परवान्यांचं थोडक्यात: गोव्यात पाहुणे ठेवायला 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, जेवण देत असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी, आणि परदेशी पाहुणा आला की 24 तासांत त्याची माहिती सरकारकडे नोंदवायची. जुन्या घराची डागडुजी आणि नवं बांधकाम यांत फरक ठेवा. भरती-ओहोटीच्या पाण्याला लागून असलेली जमीन किनारी नियमन क्षेत्रात येते, आणि खाजनात तर बांधकामाची मुभाच नाही. मागे एखादी खोली वाढवण्याचा विचार असेल तर चिरे आणण्याआधी पंचायत आणि किनारी प्राधिकरण, दोन्हीकडे विचारा.

जुलैत गेलं तर चालेल का? (मडगाव)

चालेल, पण दोन अटींवर: घराचं छप्पर त्या वर्षी फिरवलेलं आहे आणि तुमच्याकडे एक जादा दिवस आहे. आढ्याजवळची मंगळुरी कौलं सरकली की पलंगावरच गळतं, म्हणून "मे महिन्यात कौलं शाकारली का?" एवढंच विचारा. वाऱ्यापावसाचा जोर असला की फेरी थांबते, वीजही जाते. परतीचं विमान किंवा आगगाडी त्याच दिवसाची ठेवू नका. ऑगस्टचा चौथा शनिवार मात्र आधीच बघून घ्या, त्या दिवशी दिवाडीला बोंदेरां हा उत्सव असतो. बघायचाच असेल तर आदल्या दिवशी बेटावर पोचा आणि दुसऱ्या दिवशी निघा.

आम्ही शाकाहारी आहोत. जेवणाचं काय? (इचलकरंजी)

आदल्या दिवशी संध्याकाळी सांगून ठेवा, एवढंच. घरगुती मुक्कामात तयार ठेवलेला मेनू नसतो. बाजार पलीकडे असतो, आणि सकाळी सांगितलं तर भाजी आणायला माणूस फेरीने जाऊन येईपर्यंत अकरा वाजतात. उकड्या तांदळाचा भात, मुगा-गाठी, खतखतं, तोंडाक, सोलकढी हे सहज मिळतं. जुवे बेटावरची सात शिरांची भेंडी मोसमात असेल तर मागून घ्या. "मासे नकोत" असं म्हणून थांबू नका, आमटीत सुकी सुंगटं (कोळंबी) घालण्याची पद्धत आहे, तीही नकोत असं स्पष्ट सांगा. दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात. मुलांचं दूध सकाळीच घेऊन ठेवा.