दोरी पोराच्याच हातात राहू दे

अरे, तुझा मेसेज मिळाला. कब पॅकसाठी, म्हणजे स्काऊटमधल्या लहान मुलांच्या गटासाठी, चौदा पालक आणि कॉलेजची चार पोरं मदतीला तयार झाली हे वाचून खरंच आनंद झाला. पण त्यांच्या ट्रेनिंगसाठी तू मागितलेलं प्रेझेंटेशन मी देणार नाही, रागावू नकोस. माझ्या पहिल्या ट्रेनिंगला मी तीन तास बोललो होतो, इतिहास, नियम, वचन सगळं, लोक माना डोलवत होते आणि पुढच्या रविवारी मैदानावर वीसातले सहाच जण आले. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण न आलेल्यांत दोघं-तिघं पोरांना फार जीव लावणारे होते आणि मी त्यांना नुसतं खुर्चीत बसवून ठेवलं.

तू त्यांना पोरं बनव. अठरा जण म्हणजे सहा-सहाची तीन षटकं, प्रत्येक षटकाचा एक सिक्सर, म्हणजे नायक, आणि सुरुवातच ग्रँड हाऊलने, म्हणजे कबांच्या एकत्र आरोळीने कर, सगळ्यांना उकिडवं बसवून. पहिल्यांदा लाजतात, गुडघे धरतात, पण एकदा ओरडले की मोकळे होतात. 1919 साली लंडनजवळ गिलवेल पार्कला पहिला वुड बॅज कोर्स, म्हणजे स्काऊट शिक्षकांचं ट्रेनिंग, झाला तेव्हाही मोठ्या माणसांना संघ पाडून स्काऊटसारखंच राहायला लावलं होतं, आपला भारतातला हिमालय वुड बॅज त्याच वाटेने आलाय. आणि 1907 मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर स्काऊटिंग सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलनी वीसेक मुलांचे चार संघ केले तेव्हा प्रत्येक संघाचा नायक मुलगाच होता. मोठा माणूस होता, पण मागे. हे मागे राहणंच शिकवायचंय रे, बाकी खेळ-गाणी ते आठवड्यात शिकतील.

मागे एक बाबा होते आमच्याकडे, मनाने फार चांगले. त्यांच्या षटकातला सात वर्षांचा मुलगा रीफ नॉट, म्हणजे दोन टोकं जोडायची साधी गाठ, बांधत होता, डावं उजव्यावर, मग उजवं डाव्यावर, पण दुसऱ्या वेळी त्याचं परत डावंच वर जायचं आणि ओढली की गाठ सरकायची. जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर, कपाळावर घाम. चौथ्या वेळी बाबा म्हणाले आण इकडे, आणि दोन सेकंदात बांधून दिली. मुलगा उठून पाणी प्यायला गेला तो त्या दिवशी दोरीकडे परत आलाच नाही.

तेव्हापासून मी एक करतो, तूही कर. जोड्या पाड, एकाच्या हातात दोरी दे आणि दुसऱ्याचे हात पाठीमागे. त्याने फक्त तोंडाने बोलाइन, म्हणजे न सरकणाऱ्या फासाची गाठ, शिकवायची, हात पुढे आला की पुन्हा पहिल्यापासून. मोठी माणसं अक्षरशः तळमळतात, खांदे हलतात, पण तीच तळमळ त्यांना आठवायला हवी जेव्हा समोर पाच-सहा वर्षांचं पोरगं वॉगलमधून, म्हणजे स्कार्फ अडकवायच्या कड्यातून, स्कार्फ ओढत बसलेलं असेल.

एक विषय मात्र नीट बसवून, वेळ देऊन बोल, तिथे खेळ नको. कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर एकटा राहणार नाही, बंद खोलीत नाही, गाडीत नाही, कॅम्पला तंबूत तर नाहीच. कायम दोन मोठे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, घरातल्या घरात मिटवू म्हणणाऱ्याला तिथेच थांबव. 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तुझ्यासमोर सेव्ह करून घे. कुणी म्हणालं आमच्यावर विश्वास नाही का, तर शांतपणे सांग की हा नियम मलाही आहे.

कॉलेजच्या चौघांना एकाच षटकात टाकू नकोस, पालकांत मिसळ.

दोऱ्या मी आणतो, दीड मीटरच्या सुती. नायलॉनच्या घेऊ नकोस, गाठ घसरते आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं. रविवार कुठला ते कळव.