खेळात गेलेला वेळ वाया जातो का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. शाळेतून आला की आजीसोबत पत्ते नाहीतर सापशिडी, हलतच नाही तिथून, बदाम सात तर रोज. यांचं म्हणणं पत्ते बंद करा, त्या वेळात पाढे पाठ होतील, आणि सासूबाई म्हणतात माझी सगळी मुलं असंच हिशोब शिकली. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. खरंच खेळातून शिकतात का मुलं, की आपणच आपली समजूत घालतो?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, शिकतात. पण सगळ्या खेळातून सगळंच नाही शिकत. चाल करताना मूल डोक्यात जे करतं तेवढंच त्याच्या पदरात पडतं, म्हणून खेळ कुठला यापेक्षा तो खेळताना मुलाला काय करावं लागतंय ते बघायचं.

याचं फार छान उदाहरण आहे. रॉबर्ट सीगलर आणि गीता रामानी या अमेरिकेतल्या संशोधकांनी गरीब घरातल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक अगदी साधा पट खेळायला दिला, एका सरळ रेषेत 1 ते 10 आकड्यांची घरं, भिंगरी फिरवायची, 1 किंवा 2 येणार, तेवढं पुढं जायचं आणि जाताना घरावरचे आकडे मोठ्यानं म्हणायचे, बस. दुसऱ्या गटाला तसाच पट पण आकड्यांऐवजी नुसते रंग. पंधरा-वीस मिनिटांच्या मोजक्या बैठका झाल्या आणि आकडेवाल्या मुलांना आकडे ओळखणं, दोनातला मोठा कुठला, रेषेवर 6 कुठं येईल, हे सगळं आधीपेक्षा चांगलं यायला लागलं, रंगवाल्या गटात तसं काही झालं नाही. हे 2008 चं. पुढं 2014 मधे लास्की आणि सीगलर यांनी 100 पर्यंतचा पट घेतला तेव्हा अजून एक गोष्ट कळली, सोंगटी 27 वर आहे आणि 4 पडले तर "एक, दोन, तीन, चार" असं मोजणाऱ्या मुलांना फारसा फायदा नाही, "28, 29, 30, 31" म्हणणाऱ्यांना होतो. तर सापशिडीत आजींना एवढंच सांगा की त्यांनी स्वतःची सोंगटी अशी मोजत न्यावी, मुलगा आपोआप तसं करायला लागेल, त्याला टोकायची गरज नाही. तिसरीतल्या मुलासाठी दोन फासे घ्या, म्हणजे आधी बेरीज करावी लागते.

बदाम सात तर मला फारच आवडतो. इस्पिक सत्ती हातात आहे पण अठ्ठी-नव्वी आपल्याकडं नाहीत, मग दुसरं पान लागत असेल तर ती सत्ती दाबून ठेवायची की सोडायची, कोण मगाशी पास म्हणालं, म्हणजे त्याच्याकडं काय नसेल, आठ वर्षांचं पोर हा विचार करतं ही लहान गोष्ट नाहीये. डाव संपल्यावर ज्याच्या हातात जी पानं उरली त्यांची बेरीज त्यालाच करू द्या, राजा 13, राणी 12, गुलाम 11. भिकार-सावकारमधे मात्र पान उलटायचं आणि बघायचं, ठरवायचं काहीच नसतं, ते मजेसाठी खेळा, मजाही लागतेच.

आणि आजींना चल्लस-आठ येत असेल तर नक्की मांडा. चार कवड्या, जितक्या उताण्या तेवढं दान, चारही पालथ्या पडल्या तर आठ. कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असं धरलं तर 16 पैकी 6 वेळा दोन पडणार, एक आणि तीन चार-चार वेळा, आणि चार किंवा आठ फक्त एकेकदा. खरी कवडी अशी समान पडेलच असं नाही, म्हणून त्याला वहीत रेघा मारून नोंद ठेवू दे, शंभर दानांत काय किती वेळा पडलं. संभाव्यता हा धडा शाळेत खूप पुढं येतो, तेव्हा या मुलाला तो ओळखीचा वाटेल.

आता यांचंही ऐका, कारण पाढ्यांबद्दल ते बरोबर बोलतात. बदाम सात कितीही खेळलं तरी साताचा पाढा त्यात कुठंच म्हणावा लागत नाही. पाढे रोज दहा मिनिटं मोठ्यानं म्हणूनच येतात. पण त्यासाठी पत्ते बंद करायची गरज नाही, आणि पाढे म्हटले तरच पत्ते अशी अट तर अजिबात घालू नका, पाढे शिक्षा वाटायला लागतात.

प्रश्न : चेसच्या क्लासला घातलं तर गणित सुधारतं असं सगळे म्हणतात. घालू का?
– एक वडील, नाशिक

उत्तर : चेस आवडत असेल तर जरूर घाला. नागपूरची दिव्या देशमुख 2025 मधे महिलांचा विश्वचषक जिंकली, मुलांना तसं व्हावंसं वाटतं, फार चांगली गोष्ट आहे. पण गणितासाठी म्हणून घालू नका. इंग्लंडमधे 100 प्राथमिक शाळा घेऊन मोठा प्रयोग झाला, त्यातल्या निम्म्या शाळांत नऊ-दहा वर्षांच्या मुलांना 30 तास चेस शिकवलं, वर्षभरानं बघितलं तर गणितात काहीच फरक नव्हता, 2016 मधे तो अहवाल आला. चेस खेळताना बेरीज-वजाबाकी, अपूर्णांक काही करावं लागत नाही, मग ते सुधारणार कुठून? चेसमधून चेस येतं, पुढच्या चालीचा विचार करत शांत बसायची सवय लागते, हरल्यावर परत पट मांडायला मूल शिकतं. माझ्या मते क्लासच्या फीसाठी एवढी कारणं पुरेशी आहेत.

प्रश्न : मोबाईलवरचे "एज्युकेशनल" गेम चालतील का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : शेजारी बसून पाच मिनिटं बघा. बरोबर उत्तराला टाळ्या आणि स्टार एवढंच असेल तर तो स्वाध्यायच आहे, सरावापुरता चालेल. मुलाला काही ठरवावं लागत असेल, चुकल्यावर वेगळं काहीतरी करून बघता येत असेल, तर राहू दे. जाहिराती मधेमधे येत असतील तर लगेच काढून टाका.