लॉगबुक कोणाच्या अक्षरातले?

“मॅडम, राज्य पुरस्काराची चाचणी दोन महिन्यांवर आली आहे आणि हिने गणवेशाला हात लावायचे सोडले आहे. चार वर्षांची मेहनत पाण्यात जाणार,” असे म्हणत एक आई नववीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. परंतु ही काळजी स्काऊट-गाईडमध्ये असलेल्या मुलांचे अनेक पालक माझ्याकडे बोलून दाखवतात. मूल ऐन टप्प्यावर अंग काढून घेते, तेव्हा त्याला रेटावे की सोडून द्यावे, हा त्यांचा प्रश्न असतो.

प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, अशी ही चढण असते. या मुलीने तृतीय सोपानापर्यंतचा प्रत्येक टप्पा वेळेवर पार केला होता. आईने सोबत आणलेले लॉगबुक, म्हणजे मुलीने केलेल्या कामांची नोंदवही, मी चाळले. प्रत्येक पानाला रंगीत किनार, सुबक मथळे, एका ओळीत चिकटवलेली छायाचित्रे आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच वळणदार, मोठ्या माणसाचे अक्षर. “अभ्यासातून तिला वेळ कुठे मिळतो? मग मीच रात्री बसून पूर्ण करते,” असे आईने अगदी सहज सांगितले. त्यात लबाडी नव्हती. दिवसभराचे काम आटोपून लेकीसाठी जागणाऱ्या बाईची माया होती.

मुलगी पहिल्या भेटीत फारसे बोलली नाही. दुसऱ्या भेटीत मी पुरस्काराचा विषय बाजूला ठेवून शिबिरात काय आवडले एवढेच विचारले, तेव्हा ती बिनभांड्याच्या स्वयंपाकाविषयी खुलून सांगू लागली: निखाऱ्यात भाजलेले बटाटे, काठीला गुंडाळून शेकलेली कणीक, धुराने चुरचुरणारे डोळे. मग मध्येच थांबून ती म्हणाली, “आमच्या गाईड कॅप्टनने पाचवीच्या मुलींना बोलाईनची गाठ शिकवायला सांगितली होती. मला ती येतच नाही. चाचणीच्या वेळी मैत्रिणीने बांधलेला दोर मी पुढे केला होता. त्या लहान मुली माझ्या हाताकडे बघत होत्या आणि मी पाणी प्यायचे निमित्त करून तिथून निघून आले.” त्यानंतरच्या शनिवारपासून तिचे पोट दुखू लागले होते.

हा आळस नव्हता आणि परीक्षेची भीतीही नव्हती. गाईडच्या नियमांतला पहिलाच नियम विश्वासार्हतेचा आहे, आणि या मुलीने तो मनापासून घेतला होता. बाहीवरचा बॅज तिला बोचत होता, कारण तो आपला नाही हे सगळ्यांत आधी तिलाच ठाऊक होते. अशा मुलाला “एवढे केलेस, आता थोडेच उरले आहे” असे सांगणे म्हणजे त्याच्या पाठीवरचे ओझे वाढवणे होय.

पालकांना मी 1973 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाविषयी सांगितले. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांचे गट केले. एका गटाला चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असे आधीच सांगितले, तर दुसऱ्या गटाला ते अनपेक्षितपणे दिले. पुढे मोकळ्या वेळेत, आधी कबूल केलेल्या प्रमाणपत्रासाठी चित्रे काढणारी मुले त्या रंगांकडे इतरांपेक्षा बरीच कमी वळली. बक्षीस वाईट असते असा याचा अर्थ नव्हे. घरात शिबिराविषयी पहिला प्रश्न “कोणता बॅज झाला?” हाच असेल, तर निखाऱ्यातल्या बटाट्याची गोष्ट मूल सांगायचीच विसरते. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनीही बॅजसाठी कामाच्या सफाईपेक्षा मुलाने घेतलेल्या कष्टांना अधिक महत्त्व दिले होते. त्या दृष्टीने वेडेवाकडे, खाडाखोड केलेले लॉगबुक सुबक लॉगबुकापेक्षा अधिक खरे ठरते.

मी आईला एकच गोष्ट करायला सांगितली: वहीला हात लावायचा नाही, वाटल्यास शेजारी बसून ऐकायचे. हे तिला जड गेले. वडिलांना तर चाचणीची तारीख हुकण्याचेच दुःख अधिक होते आणि ते त्यांनी लपवले नाही. मुलीने मात्र गाईड कॅप्टनना स्वतः जाऊन सारे सांगायचे ठरवले. आदल्या दिवशी तिने माझ्यासमोर ते तीनदा बोलून पाहिले आणि तिन्ही वेळा तिचा आवाज कापला. कॅप्टननी तिला रागावण्याऐवजी हातात दोर दिला, हे त्या बाईंचे मोठेपण.

पुढच्या भेटीला ती दोराचा तुकडा घेऊनच आली. लहान फास करायचा, टोक खालून वर काढायचे, मुख्य दोराच्या मागून फिरवून पुन्हा त्याच फासातून खाली घालायचे आणि आवळायचे. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. मग तो फास माझ्या खुर्चीच्या पाठीला घालून तिने जोर लावून ओढला आणि म्हणाली, “बघा, ही सरकत नाही आणि आवळतही नाही. म्हणून माणसाला वर ओढून काढायला हीच वापरतात.”

या वर्षीच्या चाचणीला तिने नाव दिलेले नाही. नवे लॉगबुक तिने स्वतःच्या अक्षरात सुरू केले असून त्याच्या पहिल्या पानावर शाईचा मोठा डाग आहे. आईने तो खोडायला पांढरी शाई पुढे केली होती. मुलीने ती घेतली नाही.