बेलेरोफॉनमधला ‘फॉन’ मारणारा आहे

‘बेलेरोफोन नावाची ब्रिटिश जहाजं दोन होती का? आणि त्यातला फोन टेलिफोनमधलाच ना?’ असं एका वाचकानं विचारलंय.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. मुळीच नाही. कुठेही ‘फोन’ दिसला की ‘आवाज’ असा अर्थ ठोकून देतात, ते ऐकून कान किटले आहेत. टेलिफोनमधल्या ‘फोने’चा ओ दीर्घ, अर्थ आवाज. बेलेरोफॉन हा ग्रीक पुराणातला वीर, आणि त्याचं मूळ ग्रीक नाव ‘बेल्लेरोफॉन्तेस’. त्यातला ओ ऱ्हस्व, आणि त्याचा भाऊबंद ‘फॉनॉस’ म्हणजे खून. या दोन ओंना ग्रीक लिपीत अक्षरंही वेगळी आहेत, तेव्हा घोळाला जागाच नाही.

पंखांच्या घोड्यावर बसून त्यानं राक्षस मारला, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. खरा आनंद पुढे आहे. हा ‘फॉन्तेस’ आपल्या ‘हन्’ धातूच्या घरचा! ग्रीक आणि संस्कृतच्या समान पूर्वज भाषेतल्या ‘घ्व’सारख्या एका ध्वनीचा ग्रीकमध्ये ओच्या आधी फ झाला, संस्कृतात घ किंवा ह. म्हणजे बेलेरोफॉन हा ‘बेल्लेरघ्न’, बेल्लेर नावाच्या कुणाला तरी मारणारा, शत्रुघ्नासारखा. (कृपा करून ‘शत्रुघन’ म्हणू नका.) केलेले उपकार मारतो तो कृतघ्न. विघ्नातही वि + हन् आहे. लोहाराचा घणसुद्धा इथलाच. तापून लाल झालेल्या फाळावर तो पडतो तेव्हा धात्वर्थ कानांनी ऐकू येतो.

काही जण या नावाचा अर्थ ‘बाण वाहणारा’ असा देतात. ‘बेलॉस’ म्हणजे बाण, कबूल. पण मग ‘न्त’ कुठून आला? ग्रीक देव हर्मीसचं ‘आर्गेइफॉन्तेस’, म्हणजे आर्गोस नावाच्या राक्षसाला मारणारा, हे बिरुद त्यांनी एकदा शेजारी ठेवून पाहावं. बेल्लेर म्हणजे वृत्रच, असंही जुन्या पंडितांनी सुचवलं होतं. ध्वनिनियम जुळत नाहीत म्हणून बहुतेक भाषाशास्त्री ते बाजूला सारतात. माझ्याच्यानं ते सोडवत नाही: वृत्र सर्प, आणि बेलेरोफॉननं मारलेल्या खिमैरा राक्षसाचा मागचा भागही सर्पाचाच!

हां, जहाजं. एकूण चार. पहिलं १७८६चं, ७४ तोफांचं. नाईल आणि ट्रॅफल्गारच्या आरमारी लढायांत लढलेलं. १५ जुलै १८१५ला नेपोलियन याच जहाजावर शरण आला. खलाशांच्या तोंडी त्याचं ‘बिली रफियन’ झालं. रफियन म्हणजे गुंड. ग्रीकचा गंध नसताना पोरं अर्थाच्या किती जवळ गेली! पुढे त्याचा तरंगता तुरुंग केला, १८२४मध्ये त्याला ‘कॅप्टिव्हिटी’ म्हणजे ‘कैद’ हे नाव दिलं आणि मोकळं झालेलं ‘बेलेरोफॉन’ दुसऱ्या जहाजाला लावलं. त्या दुसऱ्याचं आधीचं नाव होतं ‘वॉटर्लू’.